पटावरची मुलं, वर्गातली मुलं



निजामाच्या काळातल्या आपल्याकडच्या शाळांबद्दल मागे मी लिहिलं होतं. उर्दू माध्यम, मराठीसाठी झालेली धडपड, राष्ट्रीय शाळा वगैरे. ते वाचून नागपूरच्या आमच्या पुतणीने एकच प्रश्न विचारला, "काकू, ह्या सगळ्यात अपंग मुलं कुठे होती?"

प्रश्न साधा, पण उत्तर दोन ओळींत देता येईना. म्हणून हा लेख. मी काही संशोधक नव्हे. नांदेड जिल्ह्यात मुखेड, कंधार, लोहा ह्या तालुक्यांत जिल्हा परिषदेच्या शाळांवर छत्तीस वर्षं नोकरी केलेली एक बाई. वाचलेलं थोडं आणि पाहिलेलं बरंच, असं मिळून लिहिते आहे. जाणकारांनी भर घालावी.

आधी शब्दांबद्दल. आमच्या लहानपणी व्यंगावरूनच माणसाला हाक मारायचे, आणि त्यात कुणाला काही वावगं वाटायचं नाही. मग सरकारी कागदांत 'अपंग' आलं, 'विकलांग' आलं, पुढे शाळेच्या नोंदींत 'विशेष गरजा असलेली मुले' आलं आणि २०१६ पासून 'दिव्यांग'. मी त्या त्या काळाचा शब्द वापरणार आहे. कुणाला दुखवायचा हेतू नाही.

तर पुतणीच्या प्रश्नाचं थेट उत्तर असं की, आपल्याकडच्या शाळांत ही मुलं बहुतेक नव्हतीच. ती घरात होती, ओसरीवर होती, गुरांमागे होती. एखादा आंधळा मुलगा गळा चांगला असेल तर भजनी मंडळात बसायचा, त्याला मान मिळायचा आणि पोटाला मिळायचं. बहिऱ्या मुलीला घरातली सगळी कामं यायची. म्हणजे गावाने त्यांना टाकलेलं नव्हतं. पण शाळेत घालायचं हे कुणाच्या मनातही येत नव्हतं, ना आईबापांच्या, ना मास्तरांच्या.

विशेष शाळा होत्या, पण फार लांब. मुंबईत १८८५ च्या सुमारास मूकबधिरांची शाळा निघाली, ती देशातली पहिली समजतात. १९०० साली अॅना मिलार्ड ह्या मिशनरी बाईंनी मुंबईतच अंध मुलांसाठी शाळा सुरू केली. तो छप्पनच्या दुष्काळाचा काळ, अनाथ लेकरांनी मिशनची आवारं भरलेली. १९०२ साली ताडदेवला व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा आली. पुण्याची अंधशाळा १९३४ ची. मतिमंद मुलांसाठी सिंधुताई जोशींनी पुण्यात 'कामायनी' काढली ती १९६४ साली.

ही सगळी नावं आदराने घ्यावीत अशीच. पण नांदेडहून पाहा. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात, म्हणजे मुंबई-पुणे हा परका मुलूख. नंतरही कितीतरी वर्षं मीटरगेजच्या गाडीने मनमाड गाठायचं, तिथे गाडी बदलायची आणि मग पुढे. सहा-सात वर्षांचं लेकरू इतक्या लांब ठेवायला कोण आई तयार होणार? आणि ज्यांनी ठेवलं त्यांचं लेकरू दिवाळीला आणि मे महिन्यात पाहुण्यासारखं घरी यायचं. शिकायचं, पण गाव सुटायचं. विशेष शाळांनी शिक्षण दिलं हे खरं, आणि त्याची ही किंमत होती हेही खरं. पुढे नांदेड-लातूरलाही अशा शाळा आल्या, त्यामुळे अंतर कमी झालं. पण विचार तोच राहिला की ही मुलं वेगळी, त्यांची शाळा वेगळी.

गंमत अशी की कागदावर हा विचार फार लवकर बदललेला होता. १९४४ च्या सार्जंट अहवालात अपंग मुलांचं शिक्षण हा राष्ट्रीय शिक्षणाचाच भाग मानला होता. १९६४ ते ६६ च्या कोठारी आयोगाने तर स्पष्ट सांगितलं की ह्या मुलांना शिकवणं म्हणजे दया नव्हे, आणि शक्य तिथे त्यांना सर्वसाधारण शाळेतच शिकवावं. १९७४ साली केंद्राची अपंग एकात्म शिक्षण योजना आली. मी १९७३ साली नोकरीला लागले. म्हणजे योजना आणि मी जवळजवळ एकाच वयाच्या! पण पुढची वीस वर्षं आमची दोघींची गाठ पडली नाही.

असं का झालं? माझ्या समजुतीप्रमाणे एक मोठं कारण म्हणजे दोन खाती. योजना सुरू झाली समाजकल्याण खात्याकडे. १९८२ साली ती शिक्षण खात्याकडे आली. पण विशेष शाळा राहिल्या समाजकल्याणकडेच. म्हणजे ज्यांना ब्रेल येतं, मूकबधिर मुलाला बोलतं कसं करायचं हे कळतं, ती माणसं एका खात्यात. आणि गावोगावच्या शाळा, मुलं, शिक्षक दुसऱ्या खात्यात. एकाच शहरात दोन्ही शाळा असायच्या, पण ह्या शाळेतल्या शिक्षकाने त्या शाळेची पायरी चढलेली नसायची. सहकार्य म्हणून आज आपण जो शब्द वापरतो, त्याला तेव्हा जागाच नव्हती. (महाराष्ट्रात डिसेंबर २०२२ मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला. चांगलंच झालं, पण शालेय शिक्षण विभाग वेगळा तो वेगळाच.)

एक प्रयोग मात्र इथे सांगायला हवा. १९८७ साली एन. सी. ई. आर. टी. आणि युनिसेफने मिळून देशात दहा ठिकाणी एकेक गट निवडून एकात्मिक शिक्षण करून पाहिलं. त्यात महाराष्ट्रही होता. पद्धत अशी की गटातल्या एखाद-दुसऱ्या शाळेला न निवडता सगळ्याच शाळा घ्यायच्या. सगळ्या शिक्षकांना आठवडाभराचं प्रशिक्षण, त्यातल्या काहींना सहा आठवड्यांचं, आणि आठ-दहा जणांना वर्षभराचं. म्हणजे प्रत्येकाला थोडं यावं आणि अडलं तर विचारायला जवळ कुणीतरी असावं. मला ही रचना फार शहाणपणाची वाटते. गावात सगळ्यांना जुजबी औषध माहीत असतं, एक सुईण असते आणि तालुक्याला डॉक्टर असतो, तसंच हे.

आता त्या काळात वर्गात खरोखर काय होतं ते सांगते. माझ्या पहिल्या वीस वर्षांत माझ्या वर्गांत जी अपंग मुलं आली ती जवळजवळ सगळी पोलिओची. प्रत्येक गावात दोन-तीन तरी असायचीच. कुणी हाताने गुडघा दाबत चालायचं, कुणी काठी घेऊन, कुणाला थोरला भाऊ खांद्यावर आणायचा. ही मुलं शाळेत आली ती कुठल्या योजनेमुळे नाही. त्यांना दिसत होतं, ऐकू येत होतं, बोलता येत होतं. अडचण होती ती फक्त घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेची आणि शाळेच्या पायऱ्यांची. ती भावंडांनी आणि वर्गातल्या पोरांनी सोडवली. एकदा वर्गात येऊन बसल्यावर शिक्षकाला वेगळं काही करावं लागत नव्हतं.

म्हणून तर ज्यांच्यासाठी शिक्षकाला वेगळं काही करावं लागलं असतं, ती मुलं बाहेर राहिली. दिसत नाही, ऐकू येत नाही, समजायला वेळ लागतो, अंग ताठ आहे, झटके येतात. एखादा बाप धीर करून घेऊन आलाच तर उत्तर ठरलेलं असायचं, "ह्याला इथे काय कळणार? मुंबई-पुण्याकडे शाळा असतात." सांगणाऱ्याच्या मनात दुष्टपणा नसायचा. त्याच्याकडे एका वर्गात साठ पोरं आणि हातात एक खडू.

(पोलिओचं सांगायचं तर १९९५ साली पल्स पोलिओ सुरू झालं. त्या रविवारी बूथवर आम्ही शिक्षकही बसायचो. देशातला शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मधला आणि २७ मार्च २०१४ ला भारत पोलिओमुक्त जाहीर झाला. माझ्या नातवंडांनी पोलिओ झालेलं मूल पाहिलेलंच नाही. आरोग्यसेविका, अंगणवाडीताई, मास्तर, सरपंच सगळे एका कामाला लागले तर काय होतं त्याचं हे उदाहरण. पुढे येणार आहे म्हणून लक्षात ठेवा.)

मग आलं १९९३. ३० सप्टेंबरची पहाट, किल्लारी. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद, दोन जिल्ह्यांत मिळून जवळपास आठ हजार माणसं गेली. जी वाचली त्यांतल्या कितीतरी जणांचे हात-पाय गेले, पाठीचे कणे दुखावले. त्याआधी अपंगत्व म्हणजे जन्माचं, नशिबाचं, मागल्या जन्मीचं असं लोक सहज बोलून जायचे. त्या पहाटेनंतर आमच्या भागात ते बोलणं थोडं कमी झालं असं मला वाटतं. काल संध्याकाळी खेळणारं पोर आज कुबड्यांवर, ह्यात त्याचा काय दोष? कुणी मोजमाप केलेलं नाही, पण आम्ही तो फरक पाहिला.

आणि लगेच पुढच्या वर्षी, १९९४ ला, डी. पी. ई. पी. म्हणजे जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रम आला. पहिल्या टप्प्यात देशातल्या सात राज्यांतले बेचाळीस जिल्हे होते. महाराष्ट्रातले पाच, आणि पाचही मराठवाड्यातले: औरंगाबाद, परभणी, नांदेड, लातूर, उस्मानाबाद. निवडायचं कारण फारसं अभिमानाचं नव्हतं. स्त्री साक्षरता देशाच्या सरासरीपेक्षा कमी, म्हणून निवड! पैसा जागतिक बँकेच्या कर्जातून केंद्रामार्फत यायचा, पंच्याऐंशी टक्के केंद्र आणि पंधरा टक्के राज्य. त्याच जून महिन्यात स्पेनमधल्या सालामांका गावी ब्याण्णव देशांच्या सरकारांनी मिळून जाहीर केलं होतं की सर्वसाधारण शाळांनी सगळ्या मुलांना सामावून घ्यावं. मुखेडला बसून आम्हाला सालामांका ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण १९९५ चा अपंग व्यक्ती कायदा आला, अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आला आणि १९९७ च्या सुमारास डी. पी. ई. पी. मध्ये अपंग मुलांच्या एकात्मिक शिक्षणाचा भाग जोडला गेला, तेव्हा त्या ठरावाची झुळूक आमच्यापर्यंत पोचली असं म्हणता येईल.

लोकांना डी. पी. ई. पी. आठवतो तो नव्या वर्गखोल्यांसाठी आणि तक्ते, गोट्या, चिंचोके घेऊन घेतलेल्या प्रशिक्षणांसाठी. मला तो आठवतो वेगळ्या कारणाने. त्या कार्यक्रमाने शिक्षकाला एकटं ठेवलं नाही. तालुक्याला गट साधन केंद्र आलं, दहा-बारा शाळांमिळून केंद्र आणि केंद्रप्रमुख आले, गावात ग्रामशिक्षण समिती आली. ही यंत्रणा मुळात अपंग मुलांसाठी नव्हतीच. पण ती नसती तर त्यांच्यासाठी पुढे जे काही झालं ते झालं नसतं.

पहिलं काम होतं मुलं शोधायचं. ऐकायला सोपं वाटतं. घरोघर फिरून विचारलं की "घरात कुणी अपंग आहे का?" तर उत्तर "नाही." दार अर्धं उघडं, आतून आवाज येतोय, तरी नाही. मुलीचं असेल तर जास्तच, कारण मोठ्या बहिणींची लग्नं व्हायची असतात. २००१ च्या जनगणनेत अपंगत्वाचा प्रश्न होता, १९९१ ला तो नव्हताच. त्या वेळी गणनेला गेलेल्या कुणाही शिक्षकाला विचारा, हाच अनुभव सांगेल. मग आम्ही प्रश्न बदलला. "कुणी अपंग आहे का" ऐवजी "शाळेत न जाणारं लेकरू कोणतं? का जात नाही?" असं विचारायला लागलो. आणि सगळ्यांत मोठी मदत झाली अंगणवाडीताईंची. तिला घराघरातलं माहीत असतं. तिने नुसतं बोट दाखवलं की पुढचं काम आमचं.

दुसरं काम तपासणी शिबिराचं. ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर येणार, कान-डोळे-हातपाय तपासणार, प्रमाणपत्र मिळणार, कुणाला चष्मा, कुणाला श्रवणयंत्र, कुणाला कॅलिपर. तिथे माझ्या लक्षात आलेली गोष्ट सांगते. 'मठ्ठ' म्हणून मागच्या बाकावर गेलेल्या मुलांपैकी काहींना नुसतं दिसत नव्हतं किंवा कमी ऐकू येत होतं. चष्मा लागला आणि मठ्ठपणा गेला! डॉक्टरांचं काम आणि मास्तरांचं काम एकमेकांत किती गुंतलेलं आहे ते तिथे कळलं.

तिसरं आणि माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे फिरते विशेष शिक्षक. आमच्या शाळेवर एक तरुण मुलगी यायची. एस. टी. ने, आठवड्यातून एकदा, कधी पंधरा दिवसांतून. तिच्याकडे सात-आठ गावं. माझ्या तिसरीच्या वर्गात तेव्हा एक कमी ऐकू येणारी मुलगी होती. शुद्धलेखनात ती 'पान' ऐवजी 'मान' लिहायची, 'बाग' ऐवजी 'माग'. विशेष शिक्षिकेने मला काचेसमोर उभं केलं आणि म्हणाली, "बाई, आवाज न काढता प, ब, म म्हणून बघा." म्हणून पाहिलं. तिन्हींना ओठ अगदी सारखे मिटतात! ती पोरगी ओठ वाचून लिहीत होती, तिच्या दृष्टीने ती बरोबरच होती. मराठी विषय घेऊन बी. ए. झालेल्या मला ओष्ठ्य वर्ण पाठ होते, पण त्यांचा हा अर्थ एका पंचविशीतल्या पोरीने शिकवला.

तिने सांगितलेल्या गोष्टी साध्या होत्या. फळ्याकडे तोंड करून बोलायचं नाही. खिडकीकडे पाठ करून उभं राहायचं नाही, चेहऱ्यावर अंधार येतो. नवा शब्द आधी लिहायचा, मग बोलायचा. ह्याला पैसा लागत नाही आणि वर्गातल्या बाकीच्या पोरांचंही त्याने भलंच झालं.

अंध मुलाचं वेगळं. ब्रेलची पाटी आणि टोचणी घेऊन कागद उजवीकडून डावीकडे टोचत जायचा, उलटा केला की डावीकडून उजवीकडे वाचायचा. आपल्या भाषांसाठीचं भारती ब्रेल १९५१ साली ठरलं. त्यात 'कि' लिहायचं तर आधी क आणि मग इ, अशा ओळीनेच येतात. आपली पहिली वेलांटी उच्चारात नंतर आणि लिहिण्यात आधी येते, त्यात पहिलीची पोरं हमखास गोंधळतात. ब्रेल शिकणाऱ्याला तो गोंधळच नाही. हे मी वर्गाला सांगितलं तेव्हा पोरं त्या मुलाकडे हेव्याने बघायला लागली. त्याच्याबद्दल कुणाला हेवा वाटण्याची ती बहुधा पहिलीच वेळ असावी!

पण ती शिक्षिका आठवड्यातून एकदा यायची. बाकीचे पाच दिवस कोण? तर वर्गशिक्षिका, शेजारी बसणारी मैत्रीण आणि घरी आजी. त्या ऐकू न येणाऱ्या मुलीची आजी निरक्षर होती. पण विशेष शिक्षिकेने तिला सांगितलं होतं, "आजी, तिच्यासमोर बसून तोंड दाखवून बोला, एकेका वस्तूला हात लावून नाव घ्या." म्हातारीने भाकरी थापता थापता ते वर्षभर केलं. ह्या चौघींपैकी एक जरी गळाली असती तरी ती मुलगी चौथीला गेली नसती, असं मला वाटतं. सहकार्य म्हणतात ते हे. त्याची बैठक नसते, इतिवृत्त नसतं.

२००१ पासून सर्व शिक्षा अभियान आलं आणि जे पाच जिल्ह्यांत होतं ते सगळीकडे गेलं. कोणत्याही मुलाला नाकारायचं नाही हे धोरण आलं. एका मुलामागे वर्षाला १,२०० रुपये, पुढे ३,०००. साधनं कानपूरच्या अॅलिम्को ह्या सरकारी कारखान्यातून, त्याचा साठ टक्के खर्च केंद्राच्या योजनेतून आणि चाळीस टक्के अभियानातून. ज्यांना उठताच येत नाही त्यांच्यासाठी घरी जाऊन शिकवणं आलं. २००९ चा शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला, २०१२ च्या दुरुस्तीने त्यात अपंग मुलांचा नीट समावेश झाला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीस केले आणि समावेशित शिक्षण म्हणजे काय तेही लिहून ठेवलं: सगळी मुलं एकत्र शिकणं, आणि शिकवण्याची पद्धत त्यांच्या गरजेप्रमाणे बदलणं.

इथे 'एकात्मिक' आणि 'समावेशित' ह्यातला फरक सांगायला हवा, कारण तो नुसता शब्दांचा खेळ नाही. एकात्मिक म्हणजे शाळा आहे तशीच राहणार, मुलाने तिच्यात बसायचं. समावेशित म्हणजे मूल आहे तसं येणार, शाळेने बदलायचं. रॅम्पचंच घ्या. एक फूट चढायला बारा फूट लांबीचा उतार हवा असं मोजमाप आहे. आपल्या शाळांची जोती दोन-दोन फूट उंच, म्हणजे चोवीस फूट लांब रॅम्प हवा. पुष्कळ ठिकाणी मी सहा-सात फुटांचे पाहिले. त्यावर पोरं घसरगुंडी खेळतात. तपासणीच्या तक्त्यात मात्र 'रॅम्प: आहे'.

तसंच मुलांचंही झालं. पटावर नाव: आहे. गणवेश: दिला. पुस्तकं: दिली. मूल कुठे? घरी. कुणाला नाकारायचं नाही म्हणून नाव घातलं, नापास करायचं नाही म्हणून वर चढवलं, आणि आठवीला गेलं तेव्हा त्याला आपलं नाव लिहिता येत नाही. हे सगळ्यांचं नाही, चांगल्या शाळाही मी पाहिल्या आहेत. पण पटावर असणं आणि वर्गात असणं ह्यांतलं अंतर दुष्टपणाने पडत नाही. बहुतेक वेळा ते पडतं एक माणूस कमी असल्यामुळे.

तो माणूस म्हणजे ती एस. टी. ने येणारी विशेष शिक्षिका. अशी मुलं-मुली वर्षानुवर्षं कंत्राटावर राहिली. अकरा महिन्यांचा आदेश, तुटपुंजं मानधन, तेही कधी उशिरा. पाच-सहा वर्षांत चांगली तयार झालेली व्यक्ती दुसरी नोकरी धरून जायची. शाळेचं नुकसान आकड्यात दिसत नाही, पण त्या मुलाला विचारा, ज्याच्याशी बोलू शकणारी एकमेव बाई गेली. सर्वोच्च न्यायालयाने २०२१ साली ह्यात लक्ष घालून प्राथमिक वर्गांत अशा दहा मुलांमागे एक विशेष शिक्षक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक, असं प्रमाण सांगितलं. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली राज्यातल्या केंद्रांसाठी विशेष शिक्षकांची ४,८६० पदं निर्माण करायला मान्यता दिली. कोठारी आयोगापासून मोजलं तर अठ्ठावन्न वर्षं लागली. असो. उशिरा का होईना, त्या कामाला पद म्हणून मान्यता मिळाली. आता ती पदं भरलेली राहिली पाहिजेत.

आता थोडं घरचं. लातूरच्या आमच्या बहिणीच्या नातवाला ऐकू येत नाही हे दीड वर्षाचा असताना कळलं. सगळ्यांनी मला विचारलं, "तू शिक्षिका, तूच सांग. मूकबधिर शाळेत घालायचं की सगळ्यांबरोबर?" आयुष्यभर सर्वसाधारण शाळेत शिकवलेल्या माझ्याकडून एक उत्तर अपेक्षित होतं. मी दुसरंच दिलं. म्हटलं, आधी त्याला भाषा मिळू द्या. यंत्राने मिळो, ओठांनी मिळो, खुणांनी मिळो, पण पाच वर्षांच्या आत मिळू द्या. त्यासाठी मूकबधिरांच्या शिक्षकाकडे जावं लागलं तर जा. भाषा नसलेलं मूल चाळीस मुलांच्या वर्गात बसवणं म्हणजे समावेश नव्हे. भाषा आली की तो कुठेही शिकेल. आणि घरातल्या सगळ्यांनी थोड्या खुणा शिकून घ्या.

हे सांगायचं कारण, अलीकडे 'विशेष शाळा वाईट, समावेशित चांगली' असं सरसकट बोललं जातं. मला ते पटत नाही. विशेष शाळांतल्या शिक्षकांकडचं ज्ञान पिढ्यांचं आहे. आता भारतीय सांकेतिक भाषेचा दहा हजार शब्दांचा कोशही आहे. लातूरला 'उमंग' सारखं स्वमग्न आणि बहुविकलांग मुलांसाठीचं केंद्र आहे, ज्याची आमच्या काळात कल्पनाही नव्हती. ह्या संस्थांनी आणि जिल्हा परिषदेच्या शाळांनी एकमेकांकडे जाऊन-येऊन असावं. भिंत पाडायची ती ह्या दोघांमधली. त्यासाठी विशेष शाळाच पाडायची गरज नाही.

आणि एक प्रश्न असा आहे ज्याचं उत्तर कुठल्याच योजनेत नीट सापडत नाही. आमच्या मुखेड-कंधार भागातून दिवाळीच्या सुमारास कितीतरी घरं ऊसतोडीला जातात, ती उन्हाळ्यात परततात. धडधाकट मुलांसाठी हंगामी वसतिगृहं निघाली. पण ज्याला स्वतःहून जेवता येत नाही त्या लेकराचं काय? ते एकतर कोपीवर बरोबर जातं किंवा म्हाताऱ्या आजीजवळ राहतं. सहा महिन्यांत शिकवलेलं सगळं पुसलं जातं. पल्स पोलिओत आम्ही स्थलांतरित कुटुंबांची पोरं वीटभट्टीवर, फडावर जाऊन शोधत होतो, एकही सुटू नये म्हणून. डोस पाजायला जे जमलं ते शिकवायला का जमू नये, हा माझा साधा प्रश्न आहे. ह्या जिल्ह्यातून त्या जिल्ह्यात मुलाचा कागद आणि त्याला ओळखणारं माणूस, दोन्ही पोचायला हवं.

खूप लांबलं. पुतणीला एवढंच म्हणेन की, तुझ्या प्रश्नाचं उत्तर आता बरंच बदललं आहे. ही मुलं पटावर आली, ही लहान गोष्ट नाही. आमच्या पिढीने निदान दारं ठोठावली, नावं शोधली, लिहिली.

तुमच्यापैकी जे गावाकडे जातात, ज्यांची मुलं-सुना शाळेत शिकवतात किंवा शाळा व्यवस्थापन समितीत आहेत, त्यांना एक विनंती आहे. शाळेत गेलात की मुख्याध्यापकांना 'विशेष गरजा असलेली किती मुलं पटावर आहेत' एवढंच विचारून थांबू नका. आज त्यातली कोण आली आहेत, कुठे बसली आहेत आणि त्यांची विशेष शिक्षिका मागच्या वेळी कधी आली होती, हेही विचारा. रागाने नको, आपुलकीने. मी अजून विचारते. आमच्या शेजारच्या शाळेत मागच्या आठवड्यात विचारलं, तर तीनपैकी दोन आली होती आणि तिसऱ्याच्या घरी मॅडम गेल्या होत्या.

आपली,
काकू